लेट्यूस जाळीखाली सडतंय, उन्हात कडू होतंय. दोष जाळीचा की कोकोपीटचा?

गच्चीवरची_गौरा
९ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. कोथरूड, चौथा मजला, वर मोकळी गच्ची. तीन वर्षं मेथी, माठ, मिरच्या नीट येत होत्या, त्यामुळे मूठभर मांस चढलं आणि यंदा लेट्यूसच्या वाटेला गेले.

जानेवारीच्या शेवटी रोमेन आणि लोलो रोसो या लेट्यूसच्या दोन जातींचं बी टाकलं. एकूण १८ कुंड्या. नऊ कुंड्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत, दोनास एक. उरलेल्या नऊत नेहमीचं घरचं मिश्रण: लाल माती, शेणखत, थोडा कुजलेला पालापाचोळा. फेब्रुवारीच्या मध्याला ऊन चटके द्यायला लागलं तेव्हा अर्ध्या गच्चीवर हिरवी शेडनेट बांधली. दुकानदार म्हणाला ५० टक्क्यांची आहे, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी.

आता जे झालंय ते असं. उघड्यावर मातीतलं लेट्यूस बुटकं, पानं चिवट आणि कारल्याशी स्पर्धा करणारी. दोन रोमेननी तर मधूनच फुलाचा दांडा काढलाय. उघड्यावरचं कोकोपीटमधलं मात्र झकास, अठरांत पहिला नंबर. जाळीखाली मातीतलं बरं म्हणायचं, पानं मऊ पण लांबुडकी, आणि लोलो रोसोचा लाल रंगच गायब. आणि जाळीखाली कोकोपीटमधलं? खालची पानं पिवळी पडून चिखल, कुंडीवर शेवाळ, भोवती चिलटं. तीन रोपं उपटून टाकली, मुळं तपकिरी आणि वास येणारी.

शेजारचे काका म्हणतात जाळी काढ. नर्सरीवाला म्हणतो कोकोपीट काढ. पण कोकोपीट वाईट असेल तर उन्हात पहिलं कसं आलं? पाणी सगळ्यांना सारखंच आहे, रोज सकाळी सातला एकेक मग. कुणाला काही उलगडतंय का?

कुंपणावरून
९ मार्च, रात्री १०:४०

कोथिंबीर लावा. कांदेपोह्यांवर लेट्यूस शोभत नाही.

टेबललँड
१० मार्च, सकाळी ६:०५

ताई, उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. सगळ्यांना सारखा मग.

आम्ही पाचगणीच्या बाजूला सात-आठ वर्षं लेट्यूस करतोय, थोडं उघड्यावर, थोडं जाळीत. पहिल्या वर्षी आम्ही पण हेच केलं होतं. जाळी बांधली आणि पाण्याची पाळी जुनीच ठेवली. जाळीखाली वाफसा, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, उशिरा येतो, बघा. उघड्या वाफ्यात सकाळी पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत वाफसा. त्याच मातीत जाळीखाली दुसऱ्या दिवशी दुपारी. मुळांना पाण्याबरोबर हवा लागते. वाफसा यायच्या आत परत पाणी दिलं म्हणजे मुळाच्या तोंडावर उशी दाबून धरल्यासारखं.

उन्हात दांडा येणं वेगळं. कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात तसंच दिसतं. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की रोपाला वाटतं आता बी धरायची वेळ आली. एकदा दांडा सुटला की पान कडू, मग काही करा.

निवृत्त_मास्तर
१० मार्च, सकाळी ९:३०

टेबललँड यांनी नस बरोबर पकडली आहे. मी कृषी विद्यालयात बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गौराताई, तुम्ही नकळत फार सुबक प्रयोग केलात. दोन माध्यमं, दोन प्रकाश, पाणी एकच. आता त्या एका मगाकडे चारही बाजूंनी बघा. उघड्यावरच्या मातीला तो कमी पडला: दुपारी तीनपर्यंत कुंडी कोरडी, रोप तहानलेलं, म्हणून बुटकं आणि कडू. उघड्यावरच्या कोकोपीटला बरोबर पुरला, कारण कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. जाळीखालच्या मातीला जेमतेम जास्त. आणि जाळीखालच्या कोकोपीटला रोजचा पूर. म्हणजे जाळी चांगली की वाईट, कोकोपीट चांगलं की वाईट, हे प्रश्न सुटे सुटे विचारताच येत नाहीत. कोकोपीट उन्हात तारतं ते ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे सावलीत बुडवतं.

घरी एक गंमत करून बघा. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात पूर्ण बुडवा, वर काढून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळेल. कुंडीचंही तेच. पाणी निथळून गेलं असं वाटलं तरी तळाशी काही सेंटिमीटरचा थर पाण्याने भरलेलाच राहतो, आणि तो किती जाड असणार हे माध्यमाच्या बारीकपणावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ ट्रेमध्ये बारीक कोकोपीट भरलं तर अर्धा ट्रे कायम डबकं. तुमच्या कुंड्या किती खोल आहेत?

गच्चीवरची_गौरा
१० मार्च, दुपारी १:२०

सहा इंच. 😐 लेट्यूसची मुळं वरवरची असतात असं वाचलं होतं म्हणून मुद्दाम उथळ घेतल्या. स्पंजचा प्रयोग केला, नवरा म्हणाला बरी आहेस ना. खरंच बदाबदा गळलं.

मग तळाशी विटांचे तुकडे घातले तर?

निवृत्त_मास्तर
१० मार्च, दुपारी ४:००

नको. त्याने तो भिजलेला थर खाली जात नाही, उलट वर सरकतो. बारीक माध्यमातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही, ते सीमेवरच अडून बसतं. सहा इंचांतले दोन इंच विटांनी खाल्ले की मुळांना राहिलं काय?

माजघर
१० मार्च, सायंकाळी ६:१५

मास्तर, हे मात्र पटत नाही. आमच्या आजीने आयुष्यभर तळाला खापऱ्या घातल्या आणि तिची तुळस छातीएवढी होती.

निवृत्त_मास्तर
१० मार्च, सायंकाळी ७:००

भोकावर एक खापरी उपडी ठेवली की माती वाहून जात नाही आणि भोक बुजत नाही. आजींचं बरोबर. मी दोन इंच विटांच्या थराबद्दल बोलतोय. शिवाय आजींचं तुळशीवृंदावन किती उंच होतं ते आठवा, स्पंज उभाच होता की.

दापोलीतून
११ मार्च, सकाळी ८:४५

कोकोपीटबद्दल एक राहिलं. आमच्याकडे नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवून काथ्या काढायची पद्धत जुनी. त्या भुशात मीठ राहतं. विकत मिळणारी कोकोपीटची वीट तामिळनाडूतल्या पोल्लाचीची असो की कोकणातली, ‘धुतलेली’ असं छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. गौराताई, तुम्ही वीट भिजवून तशीच वापरलीत का? पाच किलोची वीट दोन-तीनदा पाणी बदलून धुवावी. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र) असेल तर निथळलेलं पाणी मोजा. ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, क्षार जास्त तेवढी ती जास्त) १ मिलिसीमेन्स प्रति सेंमीच्या खाली आली की वापरा.

आणि मीठ गेलं तरी अजून एक खोड आहे. कोकोपीट पोटॅशियम आणि सोडियम अंगाला चिकटवून ठेवतं, कॅल्शियम दिसलं की ते स्वतः धरतं आणि हे सोडतं. रोपाच्या वाट्याचा कॅल्शियम मध्येच गडप. मोठे हायड्रोपोनिक्सवाले (मातीविना शेती करणारे) म्हणून कोकोपीट आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात मुरवतात, मग पुन्हा धुतात. तुमच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्यासारख्या होतायत का?

गच्चीवरची_गौरा
११ मार्च, सकाळी ९:१०

होतायत! जाळीखालच्यांच्या. मला वाटलं उन्हाने. पण जाळीखाली ऊन कुठलं, हा विचारच केला नाही.

अंड्याची टरफलं कुटून घालू का?

दापोलीतून
११ मार्च, सकाळी ९:३२

घाला, पुढच्या वर्षीच्या लेट्यूसला उपयोग होईल. 😄 टरफलं फार सावकाश विरघळतात.

निवृत्त_मास्तर
११ मार्च, सकाळी ११:००

कडा करपण्याचं थोडं सांगतो, कारण इथेही जाळीचा हात आहे. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढतो आणि पाणी जिथून उडतं तिथे जातो. बाहेरची मोठी पानं भराभर पाणी उडवतात, त्यांना मिळतो. गड्डीच्या पोटातलं कोवळं पान हवेपासून झाकलेलं, त्याच्यातून पाणी उडत नाही, म्हणून कॅल्शियमही पोचत नाही. जाळी चारही बाजूंनी खालपर्यंत सोडली की आत हवा दमट आणि थांबलेली, मग हा त्रास वाढतो. मातीत कॅल्शियम भरपूर असूनही पान करपू शकतं. वारा खेळता ठेवणं हा अर्धा इलाज.

ताई, जाळी किती उंचीवर आहे?

गच्चीवरची_गौरा
११ मार्च, रात्री ९:५०

चार फूट, आणि कबुतरांमुळे चारही बाजू बंद. सांगायलाही लाज वाटतेय.

टेबललँड
१२ मार्च, सकाळी ५:५०

लाज कसली. जाळी सात-आठ फुटांवर घ्या, पूर्व आणि उत्तर मोकळी सोडा. पश्चिमेचं ऊन तेवढं अडवा, खरं मारतं ते तीनचं. कबुतरांना वेगळी मोठ्या भोकांची जाळी मिळते. आणि ती ५० टक्केवाली एकदा तपासा. बाजारात आकडा बोलायचा एक आणि विणीचा दुसरा, असं बऱ्याचदा होतं. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घ्या, बारा वाजता आधी उघड्यावर धरा, मग जाळीखाली. ॲपचा आकडा चुकीचा असला तरी दोन्हीकडं सारखाच चुकेल, आपल्याला गुणोत्तर पाहिजे.

गच्चीवरची_गौरा
१२ मार्च, दुपारी १२:४०

मोजलं. उघड्यावर जेवढं, त्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही थोडं कमी जाळीखाली. म्हणजे ५० म्हणून ७५ बांधून घेतली मी!

निवृत्त_मास्तर
१२ मार्च, दुपारी ३:१५

लोलो रोसोने हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तो लाल रंग पान तीव्र उजेडात तयार करतं. गर्द सावलीत त्याची गरजच उरत नाही, पान हिरवं राहतं. लाल लेट्यूसचं एक रोप जाळीखाली ठेवलं की लक्समीटर विकत घ्यायला नको.

आकड्यांत सांगायचं तर दिवसभरात पानावर पडणारा कामाचा प्रकाश मोलमध्ये मोजतात, दर चौरस मीटरला. लेट्यूसला १२ ते १७ मोल पुरतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने हरितगृहातल्या लेट्यूससाठी १७ मोल धरून वेळापत्रक बसवलं आहे: पेरणीपासून ३५ दिवसांत साधारण १५० ग्रॅमची गड्डी. आपल्याकडे पुण्यात एप्रिलच्या निरभ्र दिवशी उघड्यावर ४५-५० मोलच्या घरात प्रकाश पडतो. ५० टक्के जाळीखालीही २० च्या वर राहतो, म्हणजे लेट्यूसचं पोट भरून उरतं. ७५ ला काठावर. पण तीच ७५ ची जाळी डिसेंबरात किंवा ढगाळ श्रावणात ठेवली तर उपासमार. मग पान उजेडाच्या शोधात लांबतं, पातळ होतं, गड्डी धरत नाही.

डेल्फ्टची_सायकल
१२ मार्च, रात्री ११:२०

वाचनमात्र होते, पण उपासमारीवरून राहवलं नाही. मी नेदरलँड्समध्ये. इथे प्रश्न तुमच्या बरोबर उलटा. डिसेंबरात साडेचारला अंधार, हरितगृहवाले दिवे लावून लेट्यूस पिकवतात.

कमी उजेडाचा एक तोटा डोळ्यांना दिसत नाही: पानात नायट्रेट साठतं. झाड मुळांनी नायट्रेट घेतं, पण त्याची प्रथिनं करायला प्रकाशातून मिळणारी ऊर्जा लागते. उजेड कमी, खत भरपूर, की नायट्रेट पानातच पडून राहतं. म्हणून युरोपीय संघाने लेट्यूससाठी मर्यादा घातली आहे, आणि ती ऋतूनुसार वेगळी आहे. हरितगृहातल्या लेट्यूसला ऑक्टोबर ते मार्च किलोला ५००० मिलिग्रॅम, एप्रिल ते सप्टेंबर ४०००. हिवाळ्यात उजेडच नाही, हे कायद्यानेही मान्य केलंय.

गच्चीवर तुम्ही या आकड्यांच्या जवळ जाणार नाही. पण गर्द जाळी आणि वर दर आठवड्याला खताचं पाणी, हे एकत्र करू नका. आणि तोडणी संध्याकाळी करा, दिवसभराच्या उजेडानंतर नायट्रेट थोडं उतरलेलं असतं.

माजघर
१३ मार्च, सकाळी १०:००

आमच्याकडे भाजी सकाळी दव असताना तोडायची हा नियम.

डेल्फ्टची_सायकल
१३ मार्च, दुपारी २:३०

कुरकुरीत पान हवं तर सकाळीच. दोन्ही खरं आहे, काय हवंय त्यावर.

चिपाडराव
१३ मार्च, रात्री ८:१०

मी सांगलीचा. गुऱ्हाळातून फुकट मिळतात म्हणून कुंड्यांत उसाची ताजी चिपाडं भरून वर दोन इंच माती घातली, त्यात लेट्यूस. जाळी नाही, पण आंब्याची सावली. महिना झाला, रोपं बोटभर आणि फिकट. शिवाय आधी बी उगवलंच नव्हतं, दोनदा पेरलं. बी खराब का सावली खराब?

निवृत्त_मास्तर
१४ मार्च, सकाळी ९:००

चिपाडराव, तुमचे दोन वेगळे गुन्हे आहेत.

फिकटपणाचा दोष चिपाडांचा. ताज्या चिपाडात कर्ब प्रचंड, नत्र नगण्य. ते कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागतं, आणि ते रोपाच्या आधी जेवायला बसतात. पंक्तीत लेट्यूस उपाशी. चिपाडं शेणाचं पाणी शिंपडून काही महिने कुजवा, काळी-भुरभुरीत झाली की उत्तम माध्यम आहे. लाकडाच्या ताज्या भुशाचंही हेच.

बी न उगवण्याचा दोष आंब्याचा असू शकतो. लेट्यूसच्या बऱ्याच जातींचं बी उजेडाशिवाय रुजत नाही, म्हणून ते मातीत पुरायचं नाही, वर टाकून नुसतं दाबायचं. आणि झाडाची सावली म्हणजे जाळीची सावली नव्हे. हिरवं पान तांबडा प्रकाश गिळतं आणि त्याच्या पलीकडचा अतितांबडा खाली जाऊ देतं. १९५२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या चमूने ‘ग्रँड रॅपिड्स’ जातीच्या लेट्यूसच्याच बियांवर हे दाखवलं. तांबडा प्रकाश दिला की बी रुजायचं, मागून अतितांबडा दिला की थांबायचं, पुन्हा तांबडा दिला की रुजायचं. शेवटी जो दिला त्याचं ऐकायचं. झाडांचे हे ‘डोळे’, म्हणजे फायटोक्रोम, शोधण्याची वाट या बियांनी दाखवली. तुमच्या बियांना आंब्याखाली वाटलं की डोक्यावर मोठं झाड आहे, आत्ता उगवण्यात अर्थ नाही.

तिसरी शक्यता उष्णतेची. माती २८-३० अंशांच्या वर गेली की लेट्यूसचं बी झोपून राहतं. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवा, मग घरात, खिडकीतल्या उजेडात पेरा.

चिपाडराव
१४ मार्च, सकाळी ९:२५

आंब्याला सांगून बघतो.

भातुकली_बदलापूर
१५ मार्च, दुपारी १२:१०

कोकोपीट मोकळं करायला परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) सांगतात, पण महाग पडतं. मी गिरणीतून भाताचा तूस आणते. दोन भाग कोकोपीट, एक गांडूळखत, एक तूस. तूस लवकर कुजत नाही, निचरा छान होतो. फक्त आधी उकळत्या पाण्यातून काढा. पहिल्या वेळी नाही काढला आणि लेट्यूसमध्ये भात उगवला. लोंबी पण आली. 🙈

गच्चीवरची_गौरा
२ एप्रिल, रात्री १०:३०

मंडळी, हजेरी लावते. काय काय केलं ते सांगते.

जाळी साडेसात फुटांवर नेली आणि तारेवर पडद्याच्या कड्या लावल्या. सकाळी अकरापर्यंत बाजूला, मग ओढून घ्यायची, पाचला परत बाजूला. रविवारी विसरले तर सासूबाई ओढतात, त्यांनाच जास्त गंमत वाटतेय. जाळी बदलली नाही, ७५ चीच आहे, पण सकाळचं ऊन मिळाल्यावर लोलो रोसोच्या नव्या पानांना कडेला लाली आली.

वाचलेली कोकोपीटची रोपं दहा इंच खोल कुंड्यांत हलवली. भातुकलीताईंचं तूसवालं मिश्रण, दापोलीच्या सल्ल्याने तीनदा धुतलेलं. रोजचा एकेक मग बंद. आता कुंडी उचलून बघते, हलकी लागली तरच पाणी. जाळीखालच्या कोकोपीटला दिवसाआड, कधी दोन दिवसांनी. उघड्यावरच्या मातीला मात्र सकाळ-संध्याकाळ. चिलटं गेली.

आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर मातीत खुपसून बघितला. दुपारी तीनला उघड्यावरच्या काळ्या कुंडीत ४१, जाळीखाली मातीच्या कुंडीत ३०. मला तर तेच मोठं वाटलं. आपण पानांचं ऊन बघत बसतो, मुळं खाली उकडतात.

निवृत्त_मास्तर
३ एप्रिल, सकाळी ८:४०

अगदी. सिंगापूरमध्ये ली सिंग काँग या शास्त्रज्ञांनी हेच हेरलं. तिथली हवा बारा महिने उष्ण, लेट्यूस येणं मुश्कील. त्यांनी मुळं हवेत लोंबती ठेवून त्यांच्यावर थंड केलेल्या पोषक पाण्याचा फवारा मारला. मुळं २० अंशांवर, पानं मात्र तिथल्या उकाड्यातच. लेट्यूस आलं. आपण पाणी थंड करायला जाऊ नये, वीजबिल बघवणार नाही. पण काळ्या कुंडीला बाहेरून चुना फासणं किंवा ओलं गोणपाट गुंडाळणं फुकटात होतं.

टेबललँड
३ एप्रिल, सकाळी ९:००

गोणपाट पश्चिमेच्या बाजूला तरी लावाच.

गच्चीवरची_गौरा
२१ एप्रिल, रात्री ९:१५

आज शेवटची तोडणी. पारा ३९ ला गेला, रोमेनने सगळीकडे दांडे सोडले, जाळीखाली सुद्धा. फरक एवढाच की उघड्यावरची मार्चमध्येच गेली होती, आणि जाळीखालची तूसवाली चार कुंड्यांतली परवापर्यंत गोड होती. एक रोप ठेवलंय, पिवळी फुलं आली आहेत, सोनकीची धाकटी बहीण वाटते. दांडा मोडला की दुधासारखा चीक येतो. याचं बी धरता येईल का?

टेबललँड
२२ एप्रिल, सकाळी ६:१०

येईल. लेट्यूस स्वतःच स्वतःला फळवतं, जात बहुतेक तीच राहते. पण ताई, हे रोप पहिल्यांदा दांडा काढलेलं आहे की शेवटी? पहिल्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी अजून लवकर डेंगळे. सगळ्यात उशिरा ज्यानं दांडा काढला त्याचंच धरा.

गच्चीवरची_गौरा
२२ एप्रिल, सकाळी ७:०२

पहिलं होतं. 🤦 उपटते. मागे जाळीखाली एक आहे, त्याची अजून कळी पण नाही.

कुंपणावरून
२२ एप्रिल, सकाळी ७:३०

त्याचं बी आलं की चिमूटभर इकडे. पोह्यांवर नाही, सँडविचात घालेन.